सरकारी वाईट आणि प्रायव्हेट चांगलं, हे कशावरून ठरवायचं?

बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात 2023 पर्यंत मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत काम करण्यासाठी नोंदलेल्या, पतसंस्थांची मोठी चलती होती. काचेचं दार, आत एसी, गेल्या गेल्या पाण्याचा ग्लास, "या काका, बसा" म्हणणारी तरणी पोरं आणि एफडीवर राष्ट्रीयीकृत बँकेच्या जवळपास दुप्पट व्याज. त्याच रस्त्यावरच्या सरकारी बँकेत मात्र तीन नंबरच्या खिडकीवरून सात नंबरला जा, तिथे कळतं 'लिंक' नाही, जेवणानंतर या. आता माणसाने पैसे कुठे ठेवावेत? लोकांनी ठेवले. कापसाची पट्टी, जमिनीचा मावेजा, निवृत्तीचा फंड, लेकीच्या लग्नासाठी जमवलेले, सगळे. मग 2023-24 मध्ये त्यातल्या काही संस्थांची शटरं खाली आली आणि ठेवीदारांच्या रांगा पोलीस ठाण्यासमोर लागल्या.

मल्टिस्टेट संस्था कागदोपत्री सहकारी असते, कंपनी नव्हे, हे खरं. पण ठेवीदाराच्या डोक्यात ती 'प्रायव्हेट'च्या खान्यात बसलेली होती, आणि त्याने तुलना केली ती काउंटरवरच्या वागणुकीची. पाण्याचा ग्लास दिसतो. आपली ठेव पुढे कुणाला कर्ज म्हणून गेली, हे दिसत नाही. बँक बुडाली तर 4 फेब्रुवारी 2020 पासून 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण आहे. हा विमा बँकांना लागू आहे, मग ती बँक सरकारी असो, खासगी की सहकारी. पतसंस्थेला नाही. एवढी एक गोष्ट दारावर मोठ्या अक्षरांत लिहिली असती तर एसीचं एवढं कौतुक झालं नसतं.

'सरकारी की प्रायव्हेट' हा वाद हॉटेलच्या बाकावर रोज रंगतो, आणि बहुतेक वेळा तो काउंटरपाशीच संपतो. सरकारी कार्यालयातला अनुभव खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. साहेब मीटिंगला, बाबू टेबलावर नाहीत, कालचा अर्ज आज सापडत नाही, हे कुणी रचलेलं नाही. ते संतापजनकच आहे. पण दोन गोष्टींची तुलना करायची तर दोन्हीकडे काम तेच हवं, येणारा माणूस तोच हवा आणि खर्च कोण करतंय हे माहीत हवं. नेमकं हेच तपासायचं राहून जातं.

एसटीचंच घ्या. लातूर, नांदेड किंवा बीडहून रात्री पुण्याला जायचं तर ट्रॅव्हल्सची स्लीपर गाडी बरी, हे कुणीही सांगेल. पांघरूण, चार्जिंग, मोबाईलवर सीट निवडायची सोय. एसटीची खिडकी रात्रभर वाजत राहते. या फेरीपुरते गुण ट्रॅव्हल्सला द्यायला हरकत नाही. पण त्याच आगाराची एक मुक्कामी गाडी असते. संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन ती आडवळणाच्या गावी जाते, चालक-वाहक तिथेच ग्रामपंचायतीत नाहीतर देवळात पथारी टाकतात, आणि सकाळी उजाडता उजाडता तीच गाडी शाळकरी पोरी, दुधाचे कॅन आणि दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या घेऊन तालुक्याला येते. या गाडीत तिकिटाचे पैसे किती गोळा होतात? पोरींना मोफत पास. 75 च्या वरच्यांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास फुकट. बायकांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट. सवलतीची रक्कम सरकारने महामंडळाला भरून द्यायची असते, आणि ती वेळेवर मिळत नाही ही महामंडळाची जुनी रड आहे.

म्हणजे गाडी चांगली भरून धावणाऱ्या मार्गावर चार पैसे कमवायचे आणि ते आडगावच्या फेरीत घालायचे, असा एसटीचा हिशेब आहे. ट्रॅव्हल्सवाल्याने फक्त पहिला भाग उचलला. त्यात त्याची चूक काही नाही, तो धंदा करतोय. पण मग 'ट्रॅव्हल्सची सेवा एसटीपेक्षा चांगली' हे वाक्य अर्धंच ठरतं, कारण दुसऱ्या अर्ध्या कामाला ट्रॅव्हल्स हजरच नाही. 2021 च्या अखेरीपासून एप्रिल 2022 पर्यंत एसटीचा संप चालला तेव्हा हे उघड्या डोळ्यांनी बघायला मिळालं. हमरस्त्यावर ट्रॅव्हल्स जोरात. गावाच्या फाट्यापासून आत मात्र काळीपिवळी, आणि तीही शीट भरल्याशिवाय हलायची नाही. त्या महिन्यांत कॉलेज बुडालेल्या पोरी कुठल्याच ग्राहक समाधान सर्वेक्षणात येत नाहीत.

भाड्याचंही असंच. खासगी गाडीने एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेऊ नये, असा आदेश सरकारने 2018 मध्ये काढला. दिवाळीत पुण्याहून मराठवाड्यात येणाऱ्या कुणालाही विचारा, तो तुम्हाला हा आदेश पाळला जातो का ते सांगेल, आणि दोन शिव्याही ऐकवेल. तरी गंमत बघा, दीडपटीचा हा नियमसुद्धा मोजायला एसटीचंच भाडं लागतं. एसटी नसती तर दीडपट कशाची काढली असती?

दवाखान्याकडे वळल्यावर तुलना आणखी अवघड होते, कारण इथे दारात कोण येतं यावर सगळा निकाल फिरतो. 2023 च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यांत 12 नवजात बाळं होती. देशभर बातमी झाली. औषधं नव्हती, माणसं नव्हती, असा आरोप झाला. बरेच रुग्ण बाहेरून शेवटच्या अवस्थेत आले होते, असं रुग्णालयाने सांगितलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि म्हणूनच नुसत्या मृत्यूंच्या आकड्यावरून दर्जा ठरवणं धोक्याचं आहे.

मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात एक वाक्य ओळखीचं आहे: "आता पेशंट घाटीला हलवा." घाटी म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय, 1956 पासूनचं. हे वाक्य कधी ऐकू येतं? खासगी दवाखान्यात चार दिवस काढून झालेले असतात, दागिने मोडलेले असतात, रुग्ण बरा होण्याची लक्षणं नसतात, तेव्हा. मग मृत्यू कुणाच्या रजिस्टरला लागतो? घाटीच्या. खासगी दवाखान्याला अवघड केस पुढे पाठवता येते. घाटीच्या पुढे पाठवायला जागाच नाही. संख्याशास्त्रात याला निवडीचा दोष म्हणतात: दोन्ही दारांत वेगवेगळी माणसं गेली, तर बाहेर आलेल्यांची तुलना करून दाराबद्दल काहीच सिद्ध होत नाही. अर्थात ही ढाल पुढे करून सरकारी रुग्णालयाने रिकाम्या पदांवर आणि संपलेल्या औषधांवर पांघरूण घालायचं, हेही चालू द्यायचं कारण नाही.

मग खरी तुलना करायची कशी? एक पद्धत म्हणजे चिठ्ठी टाकणे. आंध्र प्रदेशात अभ्यासकांनी नेमकं हेच केलं. सरकारी शाळेतल्या ज्या पालकांना पोरांना खासगी शाळेत घालायचं होतं त्यांची नावं घेतली, सोडत काढली, आणि ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांची फी भरली. निकाल नशिबाने लागल्यामुळे दोन्ही गटांतली घरं सारखीच होती. आई-बापांचं शिक्षण, पैसा, हौस, कशातच फरक नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असं दिसलं की काही वर्षांनी तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची मुलं सारखीच निघाली. खासगीतली मुलं हिंदीत पुढे होती, कारण सरकारी शाळेत हिंदीला तेवढा वेळच दिला जात नव्हता. म्हणजे एरवी खासगी शाळेचा जो चांगला निकाल दिसतो, त्यातला मोठा भाग शाळेचा नसून घराचा असतो.

जिल्हा परिषदेच्या गुरुजींनी इथे लगेच टाळ्या वाजवू नयेत. त्याच अभ्यासात खासगी शाळेचा दर विद्यार्थ्यामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी निघाला. तेवढंच शिकवलं, पण फार स्वस्तात. ते स्वस्तात पडलं कारण तिथल्या शिक्षकाला तुटपुंजा पगार होता. हा काटकसरीचा गुण मानायचा की पिळवणूक, यावर आपल्याकडच्या इंग्लिश स्कूलमध्ये पाच-सात हजारांवर राबणाऱ्या बीएड झालेल्या पोरीचं मत आधी विचारावं.

दुसरा अभ्यास मला त्याहून बोलका वाटतो. मध्य प्रदेशच्या ग्रामीण भागात संशोधकांनी काही माणसांना 'रुग्ण' म्हणून तयार केलं. एकाला छातीत दुखण्याची लक्षणं पाठ करून दिली, एकाला दम्याची, एकाला घरी असलेल्या बाळाच्या हगवणीची. डॉक्टरला पत्ता नाही की समोरचा रुग्ण खरा नाही. हे लोक सरकारी दवाखान्यात गेले आणि खासगीतही गेले. काही डॉक्टर असे होते की सकाळी सरकारी नोकरी आणि संध्याकाळी स्वतःचं क्लिनिक. तोच माणूस, तीच डिग्री, तेच ज्ञान. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की आपल्या क्लिनिकमध्ये त्याच डॉक्टरने रुग्णाला जास्त वेळ दिला, जास्त प्रश्न विचारले आणि योग्य उपचार देण्याचं प्रमाणही जास्त होतं. म्हणजे सरकारी दवाखान्यात अक्कल कमी नव्हती, मेहनत कमी होती. समोरचा रुग्ण उद्या दुसरीकडे जाईल ही धास्ती माणसाला कामाला लावते, हे मान्य करावंच लागेल. नको असलेली औषधं मात्र दोन्हीकडे लिहून दिली जात होती.

ही नको असलेली औषधं म्हणजे प्रायव्हेटच्या कहाणीचा दुसरा भाग. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ही धास्ती कामाची ठरते, पण त्यासाठी गिऱ्हाइकाला माल पारखता आला पाहिजे. भेळ बेचव असेल तर पहिल्या घासाला कळतं. ऑपरेशन गरजेचं होतं की नव्हतं, हे पोटावर टाके पडल्यावरही कळत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, खासगीत 47.4 टक्के. आता वरचाच नियम इथेही लावू या. खासगीत जाणाऱ्या बायकांचं वय, वजन, आधीचं सिझेर वेगळं असेल, त्यामुळे सगळा फरक लबाडीचा नाही. पण अवघड बाळंतपण घाटीला हलवण्याचा रिवाज असताना आकडा उलट दिशेला तिपटीहून जास्त झुकतो, याचं उत्तर नुसत्या वय-वजनात मावत नाही.

बीड जिल्ह्याला तर हे आकड्यांतून शिकायची गरज पडली नाही. ऊसतोड मजूर बायकांच्या गर्भपिशव्या तरुण वयातच काढल्या जात आहेत, हे 2019 मध्ये बाहेर आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या अशा शस्त्रक्रिया झालेल्या ऊसतोड बायकांची संख्या तेरा हजारांच्या वर होती. पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय म्हणून बाई दवाखान्यात गेली, 'कॅन्सर होईल' अशी भीती घातली गेली. फडावर सुट्टी म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे दंड, त्यामुळे एकदाचं निस्तरलेलं बरं असं तिलाही वाटलं. काउंटरवर विचारलं असतं तर तिने दवाखान्याला चांगलेच गुण दिले असते: लगेच तपासलं, लगेच ऑपरेशन केलं, रांग नाही. यानंतर गर्भपिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट आली. म्हणजे ज्या सरकारी कागदाला आपण कटकट म्हणतो, तो कागद इथे बाईच्या बाजूने उभा करावा लागला.

आता मधला प्रकार: काम सरकारचं, करणारा खासगी. गफलत सगळ्यात जास्त इथे होते, कारण आपल्याला वाटतं आपण गिऱ्हाईक आहोत, आणि गिऱ्हाईक असतं सरकार. पीकविम्यात हे लख्ख दिसतं. 2016 च्या खरिपापासून पंतप्रधान पीकविमा योजना आली. शेतकऱ्याने खरिपाला विमा रकमेच्या 2 टक्के भरायचे, उरलेला हप्ता केंद्र आणि राज्याने. म्हणजे कंपनीला मिळणारा मोठा पैसा सरकारकडून. सोयाबीन पाण्यात गेलं तर त्या काळच्या नियमाने 72 तासांत कळवायचं. टोल फ्री लागत नाही, ॲप चालत नाही, पंचनाम्याला आलेला कंपनीचा पोरगा बांधावरूनच फोटो काढून निघून जातो. शेतकरी चिडला तर काय करणार? कंपनी सोडून दुसरीकडे जाईल म्हणावं, तर जिल्ह्याला कंपनी एकच नेमलेली. 'प्रायव्हेट' होतं, पण प्रायव्हेट ज्या गोष्टीमुळे नीट चालतं ती गोष्ट, म्हणजे गिऱ्हाइकाला निघून जाण्याची मोकळीक, तिथे नव्हतीच.

2020 च्या खरिपात बीडला यायला एकही खासगी कंपनी तयार झाली नाही. सततच्या दुष्काळ-अतिवृष्टीमुळे जिल्हा तोट्याचा. दारात येणारा अवघड रुग्ण नाकारावा तसा अख्खा जिल्हाच नाकारला. शेवटी भारतीय कृषी विमा कंपनी, म्हणजे पुन्हा सरकारीच, आली आणि त्यातून 'बीड पॅटर्न' जन्माला आला. भरपाई जमा हप्त्याच्या 110 टक्क्यांच्या वर गेली तर वरचा भार राज्य सरकारचा. भरपाई कमी झाली तर कंपनीने जास्तीत जास्त 20 टक्के ठेवून घ्यायचे, बाकी सरकारला परत. कंपन्यांच्या वारेमाप नफ्याला यामुळे चाप बसला, म्हणून 2022 पासून राज्यभर ही पद्धत घेतली. पण पहिल्याच वर्षी बीडमध्ये जमा हप्त्याच्या मानाने भरपाई अगदी किरकोळ वाटली गेली आणि उरलेला पैसा सरकारकडे परत गेला. करारात नफ्याला मर्यादा होती. भरपाई मोजणारा माणूस बांधावर उतरला पाहिजे, याची सक्ती नव्हती. करारात जे लिहिलंय तेच सुधारतं, मग तो सरकारी असो की प्रायव्हेट.

छत्रपती संभाजीनगरने हे दोनदा भोगलंय. शहराचं वीजवितरण 2011 मध्ये फ्रँचायझी म्हणून, म्हणजे ठेक्याने, एका खासगी कंपनीकडे गेलं आणि थकबाकीच्या वादात 2014 च्या नोव्हेंबरात महावितरणने करार मोडून ते परत घेतलं. तोच फ्रँचायझीचा प्रकार भिवंडीत 2007 पासून सुरू झाला आणि तिथे मुदतवाढही मिळाली. पाणीपुरवठाही 2014 मध्ये खासगी कंपनीकडे सोपवला, 2016 मध्ये महापालिकेने करार रद्द केला. पुढे सरकारी यंत्रणेने तरी दिवे लावले का? 2020 मध्ये 1,680 कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं, खर्च फुगत 2,740 कोटींवर गेला, आणि एवढं होईपर्यंत जायकवाडीचं अवाढव्य धरण उशाशी असूनही शहराला कित्येक दिवसांआडच पाणी मिळत राहिलं. कुणाच्या हातात होतं यापेक्षा, नळाला पाणी नाही आलं तर कुणाच्या खिशाला चाट बसणार हे कधी ठरलंच नाही.

लातूरची नावाजलेली कॉलेजं तरी काय आहेत? संस्था खासगी, अनुदानित तुकडीच्या प्राध्यापकांचा पगार सरकारी, आणि 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी भोवती क्लासेसचं जंगल. 'लातूर पॅटर्न'चं यश सरकारी की प्रायव्हेट, हे ठरवायला बसलात तर संध्याकाळ होईल.

तेव्हा सेवा चांगली की वाईट हे विचारताना, वाईट निघाली तर मी काय करू शकतो, हेही विचारून ठेवावं. इथे दोन्हीकडची हत्यारं वेगळी आहेत. सरकारी कार्यालयाला माहितीचा अधिकार लागू आहे, 30 दिवसांत उत्तर. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मुळे अधिसूचित सेवांना मुदत बांधून दिलेली आहे. मुदत हुकली तर अपील, आणि दोष सिद्ध झाला तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड. मात्र यासाठी अर्ज ऑनलाइन किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून रीतसर नोंदवून पावती घेतलेली हवी. ओळखीने, एजंटमार्फत, 'ठेवून जा, बघतो' म्हणून दिलेल्या अर्जाची मुदत कधी सुरूच होत नाही.

खासगीकडे ही हत्यारं चालत नाहीत, तिथे ग्राहक आयोग आहे. जिल्हा आयोगात 50 लाखांपर्यंतच्या मोबदल्याचं प्रकरण जातं, वकील लावलाच पाहिजे असं नाही. एक फट मात्र लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालाप्रमाणे पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, पण जिथे सगळ्यांवरच फुकट उपचार होतात ते रुग्णालय येत नाही, आणि केसपेपरचे किरकोळ पैसे म्हणजे मोबदला नव्हे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार पूर्ण मोफत झाले, त्यामुळे तिथल्या रुग्णाला ग्राहक आयोगाचं दार जवळपास बंदच. त्याला माहितीचा अधिकार, वरिष्ठांकडे तक्रार किंवा कोर्ट हेच रस्ते उरतात.

दवाखाना कुठलाही असो, एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे: रुग्णाने किंवा नातेवाइकाने मागितल्यावर उपचाराची कागदपत्रं 72 तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तोंडी मागू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.